छप्पर भिंतीला भिडतं तिथं

वेल्समधल्या एखाद्या जुन्या गावाकडे टेकडीवरून पाहिलं की राखाडी-जांभळ्या छपरांच्या ओळीच्या ओळी उताराला लागलेल्या दिसतात. त्यातली कितीतरी छपरं शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी घातलेली आहेत. खिळे गंजले, खालच्या रिपा कुजल्या, तरी वरचा पाटीचा दगड शाबूत असतो. तो उतरवतात, साफ करतात आणि दुसऱ्या घरावर चढवतात. जुन्या स्लेटीला तिथं आजही चांगली मागणी आहे. मग ही छपरं गळतात कुठं? भर पाखाच्या मध्यावर क्वचितच. ती गळतात कडेला. जिथं पाखं धुराड्याला भिडतं, शेजारच्या उंच भिंतीला टेकतं, किंवा मागच्या अंगाला वाढवलेल्या खोलीचं उतरतं छप्पर मूळ घराच्या भिंतीपाशी येऊन थांबतं, तिथं. छप्पर घालणाऱ्याची खरी परीक्षा या वीतभर रुंदीच्या पट्ट्यात होते, आणि घर बांधणारे, विकत घेणारे, त्यात राहणारे त्याच पट्ट्याकडे सगळ्यात कमी लक्ष देतात.

आधी दगडाविषयी, कारण त्याच्या स्वभावातूनच पुढचं सगळं येतं. उत्तर वेल्समधली ही स्लेट म्हणजे पन्नास कोटी वर्षांपूर्वीच्या आसपास समुद्राच्या तळाशी साचलेला बारीक चिखल. पुढे डोंगर उभे राहताना त्याच्यावर इतका दाब आला की आतले कण एका दिशेनं निजले, आणि त्या दिशेनं दगड पानासारखा सुटायला लागला. रुंद पात्याची छिन्नी कडेला लावायची, लाकडी हातोडीनं अलगद ठोकायचं, ठोकळा मधोमध दुभंगायचा. मग प्रत्येक अर्ध्याचा पुन्हा अर्धा. बेथेस्डाजवळची पेनरिन आणि लॅनबेरिसची डिनॉर्विग या खाणींमधल्या कारागिरांनी हे काम पिढ्यान्‌पिढ्या केलं. मापांना नावं सरदारघराण्यातल्या बायकांची: चोवीस इंच बाय बारा ती डचेस, वीस बाय दहा ती काउंटेस, सोळा बाय आठ ती लेडी. १८४२ मध्ये जर्मनीतलं हॅम्बुर्ग शहर आगीत होरपळलं आणि ते पुन्हा उभारताना या दगडाची जहाजं तिकडे लागली. एकोणिसावं शतक संपताना वेल्सच्या स्लेट उद्योगात सुमारे १७,००० माणसं होती.

या वैभवाला दुसरी बाजूही आहे. पेनरिन खाणीत सुरुवातीला पैसा ओतला तो जमैकात उसाचे मळे आणि गुलाम बाळगणाऱ्या पेनंट घराण्यानं. त्याच खाणीत १९०० च्या नोव्हेंबरपासून १९०३ च्या नोव्हेंबरपर्यंत, तब्बल तीन वर्षं, मालक आणि कामगारांचा झगडा चालला. ‘या घरात फितूर नाही’ अशा अर्थाचे फलक बेथेस्डातल्या खिडक्यांत लागले होते. कामगार हरले, गाव दुभंगलं, आणि बाजारही पूर्वीसारखा राहिला नाही. डिनॉर्विग १९६९ मध्ये बंद पडली. २०२१ मध्ये युनेस्कोनं वायव्य वेल्सच्या या सगळ्या स्लेट-प्रदेशाला जागतिक वारशाचा दर्जा दिला. तिथल्या छपरांविषयी लिहिताना ही माणसं गाळून लिहिणं मला पटत नाही.

दगड पाणी पीत नाही, एवढ्यावर छप्पर गळायचं थांबत नाही. दोन स्लेटींमध्ये उभी फट असतेच. ती फट त्यांच्या खालची स्लेट झाकते, आणि तिसऱ्या ओळीची स्लेट पहिल्या ओळीच्या डोक्यावर आणखी तीन-चार इंच चढलेली असते. फटीतून आत गेलेलं पाणी खालच्या दगडावर आडवं पसरतं, पण कडेला पोचायच्या आत पुढच्या ओळीवर येऊन बाहेर पडतं. त्यासाठीच स्लेटीला रुंदी लागते आणि छपराला उतार लागतो. या रचनेत डिंक नाही, डांबर नाही, सिमेंट नाही. एक दगड दुसऱ्याच्या हाती पाणी सोपवतो, दुसरा तिसऱ्याच्या, आणि शेवटचा पन्हळीच्या. भिंत आली की ही साखळी तुटते. शेवटच्या स्लेटीच्या बाजूला आता दुसरी स्लेट नाही, विटा आहेत.

विटा आणि पाखं यांचा जन्म वेगळा, वागणं वेगळं. लाकडी वाशांवरचं छप्पर हिवाळ्यात फुगतं, उन्हाळ्यात आखडतं, वाऱ्यानं थोडं उचललं जातं, बर्फाच्या ओझ्यानं दबतं. भिंत आपल्या पायावर उभी असते, खचलीच तर स्वतःच्या चालीनं खचते. दोघांमध्ये केसाएवढी फट पडणं अटळ आहे. बोटभर फटीपेक्षा ही केसाएवढी फट जास्त वाईट. बोटभर फटीतून पाणी टपकतं, दिसतं, माणूस धावतो. बारीक फट पाणी आत ओढून घेते आणि धरून ठेवते. पाऊस थांबल्यावरही ती ओलीच असते. शिवाय भिंतीवर वाऱ्यानं आपटलेला सगळा पाऊस ओघळत येतो तो नेमका या कोपऱ्यात. भिंत थोडा पिते, बाकीचा खाली सोडते.

मुंबईत चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळतो. कार्डिफमध्ये वर्षभराचा हिशेब त्याच्या निम्म्याच्या आसपास. आपल्याला वाटेल, मग एवढी काळजी कशाला? पण आपल्या भिंतींना पावसाळ्यानंतर आठ महिने वाळायला मिळतात. तिथं पाऊस बाराही महिने थोडा थोडा येतो, वाऱ्यावर आडवा येतो, आणि हिवाळ्यात भिंतीत मुरलेलं पाणी गोठून फुगतं, दरजांतला चुना सैल करतं. ब्रिटनमधल्या बांधकामाच्या नियमांत वाऱ्यानं येणाऱ्या पावसाचा वेगळा नकाशा आहे. देशाचे चार पट्टे पाडलेले, आडोशाच्या प्रदेशापासून अतितीव्र माऱ्याच्या प्रदेशापर्यंत. वेल्सचा बराचसा भाग त्यातल्या वरच्या दोन पट्ट्यांत मोडतो.

या कोपऱ्यावर माणसानं जुने उपाय शोधले होते. इंग्लिश खाडीतल्या जर्सी आणि गर्न्सी बेटांवरच्या जुन्या घरांच्या धुराड्यांना बाजूंनी सपाट दगड बाहेर आलेले दिसतात. लोककथा सांगते की रात्री उडून दमलेल्या चेटकिणींना बसायला ते ठेवले, म्हणजे त्या धुराड्यातून घरात शिरत नाहीत. खरं कारण पाऊस. घरांवर जाड गवताची शाकारणी होती तेव्हा गवत धुराड्याला जिथं टेकायचं त्याच्या बरोबर वर हे दगड होते. भिंतीवरून ओघळणारं पाणी ते गवतावर दूर टाकायचे. पुढे गवत जाऊन पातळ छप्पर आलं, पाखं खाली गेलं आणि दगड हवेत उंच राहिले. काम संपल्यावर त्यांना कथा चिकटली. उत्तर इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्टमध्येही धुराड्याच्या अंगातून स्लेटीचे तुकडे असेच बाहेर काढलेले दिसतात. भिंतीचं पाणी सांध्यावर येऊच द्यायचं नाही, ही त्यामागची अक्कल, आणि माझ्या मते ती आजही जुनी झालेली नाही.

स्वस्त उपाय म्हणजे कोपऱ्यात चुन्याचा तिरपा वाटा मारणं. चुना थोडा तरी नमतं घेतो. दर काही वर्षांनी डागडुजी करायची, एवढं त्या काळी सगळ्यांना ठाऊक होतं. विसाव्या शतकात चुन्याच्या जागी सिमेंट आलं. सिमेंट कडक. ते भिंतीलाही घट्ट धरतं आणि स्लेटीलाही, आणि छप्पर पहिल्यांदा आखडलं की दोन्हींपैकी एकापासून सुटतं. सुटतं ते केसाएवढं.

कार्डिफमध्ये माझी आतेबहीण राहते. ताईचं घर व्हिक्टोरियन काळातल्या चाळवजा ओळीतलं आहे: दोन्ही बाजूंना शेजाऱ्यांच्या भिंती, दर्शनी बाजू करड्या दगडाची, वर स्लेटीचं पाखं आणि आढ्यावर विटांचं जाड धुराडं. वरच्या मजल्यावरच्या निजायच्या खोलीत, जुन्या शेगडीच्या वर, भिंतीवर चहाच्या रंगाचा डाग होता. रंग दिला की महिना-दोन महिने जायचा, मग परत यायचा. तिनं मागे एका कंत्राटदाराकडून दुरुस्ती करून घेतली होती. त्यानं धुराड्याभोवती सिमेंटचा घसघशीत वाटा मारला आणि वरून बिटुमेनची चंदेरी चिकट पट्टी लावली. पुढच्याच हिवाळ्यात डाग रुंदावला. मी तिच्याकडे गेले तेव्हा एका वयस्क छपरेवाल्याला काम दिलं होतं आणि परांची उभी राहिली होती. ताईच्या मध्यस्थीनं मला वर चढून शेजारी उभं राहायची मुभा मिळाली.

त्यानं पहिल्यांदा चिकट पट्टी सोलली. मग सिमेंटच्या वाट्याखाली छिन्नी घातली आणि वर उचकटलं. हातभर लांबीचा तुकडा अखंड सुटून आला. त्याची भिंतीकडची बाजू काळपट ओली, स्लेटीकडच्या बाजूला शेवाळ धरलेलं. आठवडाभर पाऊस नव्हता. तो तुकडा माझ्या हातात देत म्हणाला, “बघा, आत शिरलेल्या पाण्याला बाहेर पडायला यानं जागाच ठेवली नाही.” खालच्या वाशाचं टोक त्यानं स्क्रूड्रायव्हरनं टोचून पाहिलं, पातं अर्धा इंच रुतलं. तेवढा भाग बदलावा लागला.

मग त्यानं धुराड्यालगतच्या स्लेटी एकेक करून काढल्या आणि भिंतीच्या कडेला लाकडाची पातळ तिरपी पट्टी ठोकली. तिच्यामुळे शेवटची स्लेट भिंतीकडे जरा उचलली जाते आणि पाणी भिंतीपासून पाखाकडे वळतं. उतार दोन-चार अंशांचाच, खालून दिसतही नाही. माझ्या मनात मात्र त्या दिवसाचं सगळ्यात ठसठशीत चित्र हेच राहिलं आहे, कारण पुढचं सगळं शिसं ही दुसरी फळी. पहिली फळी म्हणजे पाण्याला तिकडे जायला कारणच न देणं.

त्यानंतर शिशाचे छोटे पत्रे आले. प्रत्येक स्लेटीमागे एक. छप्पर दोनशे पाच मिलिमीटरच्या अंतरानं घातलेलं, ओळींची चढण नव्वदची. त्यात वर मुडपायला पंचवीस मिलिमीटर मिळवून तीनशे वीस मिलिमीटर लांबीचे तुकडे त्यानं खालीच कापून ठेवले होते. प्रत्येक तुकडा लांबीत काटकोनात वाकवलेला, अर्धी उघडलेली वही जशी. दहा सेंटिमीटरचं एक पान स्लेटीच्या पोटाखाली, साडेसात सेंटिमीटरचं दुसरं भिंतीला लागून उभं. वरची कड स्लेटीच्या डोक्यावर मुडपली की तो घसरत नाही. एक स्लेट, एक पत्रा, पुन्हा स्लेट, पुन्हा पत्रा. भिंतीजवळ हरवलेला जो शेजारी दगड, त्याची जागा हा पत्रा घेतो, आणि तुटलेली साखळी पुन्हा जुळते.

पण उभ्या पानाच्या मागून, भिंतीच्या अंगानं येणारं पाणी राहिलंच. त्यासाठी दुसरा पत्रा, आणि हा भिंतीचा. विटांचे थर आडवे, छप्पर तिरकं. म्हणून हा पत्रा पायऱ्यापायऱ्यांनी कापावा लागतो. त्यानं शिशाची पट्टी भिंतीला लावून विटांच्या दरजा खडूनं तिच्यावर उतरवल्या, पायऱ्या आखल्या, कात्रीनं कापल्या. दरजांतला जुना मसाला पातळ पात्यानं पंचवीस मिलिमीटर खोल कोरून काढला. प्रत्येक पायरीची वरची कड काटकोनात दुमडून त्या खाचेत सरकवली आणि शिशाचीच गुंडाळलेली चिमुकली पाचर ठोकून घट्ट केली. खाच शेवटी शिशासाठीच्या लवचीक मसाल्यानं भरली. पत्र्याचा खालचा भाग पहिल्या पत्र्यांच्या उभ्या पानांवरून पडद्यासारखा सोडला आणि लाकडी थापीनं थोपटून बसवला.

मी विचारलं, “खालची कड कशानं चिकटवणार?” त्यानं त्या कडेखाली करंगळी घातली आणि पत्रा किंचित उचलून दाखवला. “चिकटवायची नाही. खालचा पत्रा छपराचा, हा भिंतीचा. छप्पर हललं तर त्याचा पत्रा त्याच्याबरोबर जाईल, हा इथंच राहील. दोघांना खिळा मारून एक केलं की एक तरी फाटणारच.”

या कामाचं मर्म मला तिथं समजलं. आपण ज्याला वॉटरप्रूफिंग म्हणतो त्यात डोळ्यांसमोर येतं ते बुजवणं, लेपणं, सील करणं. इथं एकही जागा बुजवलेली नाही, ती वरची खाच सोडली तर. छपराचा भाग छपराला बांधलेला, भिंतीचा भिंतीला, आणि मधे दोघांचं फक्त एकमेकांवर चढणं आहे, जोडणं नाही. एवढ्या तोंडी हिशेबावर शिशाचा सांधा साठ, ऐंशी, शंभर वर्षं काढतो.

धुराड्याच्या खालच्या बाजूला एक सलग झालर बसते, ती सोपी. वरची बाजू सर्वांत अवघड. आढ्याकडून येणारं पाणी धुराड्याच्या पाठीवर आदळतं आणि त्याला दोन्ही बाजूंनी वळवायचं असतं, म्हणून तिथं लाकडाच्या फळीवर शिशाची छोटी पन्हळ घडवतात. पानं, पक्ष्यांची घरटी, धुराड्यातून पडलेला चुना सगळं तिथंच साचतं. शिसं इतकं मऊ की कोपऱ्यावर ते कापून जोडावं लागत नाही. लाकडी हातोडीनं हळूहळू सरकवत पत्र्यालाच कोपऱ्याचा आकार देता येतो. ते बघताना मातीचं काम आठवतं, पण प्रत्येक ठोक्यानं एका जागचं शिसं पातळ होतं आणि दुसऱ्या जागी जाड. नवशिक्याच्या हातून कोपरा कागदाएवढा होतो आणि पुढे तिथंच भोक पडतं.

शिशाची जाडी अजून पौंडांत बोलली जाते. एक चौरस फूट पत्रा चार पौंड भरला की तो ‘कोड चार’, जाडी १.८० मिलिमीटर, गुंडाळीवर निळी खूण. कोड पाचवर तांबडी. लहान पत्र्यांना कोड तीन पुरतो, पायऱ्यांच्या पट्टीला चार, पन्हळीला त्याहून जाड घेणारेही असतात. ग्राहकाला वाटतं, लांबच्या लांब अखंड पट्टी असेल तर सांधे कमी आणि धोका कमी. गोष्ट उलटी आहे. शिसं उष्णतेनं फार वाढतं. काळवंडलेला पत्रा थंडीत गोठणबिंदूपाशी असतो आणि उन्हात पन्नास-साठ अंशांवर जातो. दीड मीटरचा तुकडा तेवढ्यानं अडीच मिलिमीटर लांबतो, ते पचतं. सहा मीटरची पट्टी सेंटिमीटरभर लांबते, जागा नसल्यामुळे फुगते, रात्री आखडते, आणि वर्षानुवर्षं हेच झालं की वळीवर चिरते. म्हणून दीड मीटरच्या वर तुकडा घ्यायचा नाही आणि दोन तुकडे दहा सेंटिमीटर एकमेकांवर चढवायचे, हा कामाचा नियम.

संध्याकाळी निघताना त्यानं सगळ्या शिशावर फडक्यानं तेल फिरवलं. ते न लावता पाऊस आला तर नव्या शिशावर पांढरी भुकटी धरते आणि तिचे ओघळ काळ्या स्लेटीवर उतरतात. छपराला त्यानं धोका नसतो, पण ती भुकटी शिशाची आहे, आणि शिसं विषारी. तो परांचीवर काही खात नव्हता. खाली उतरून साबणानं कोपरापर्यंत हात धुतल्याशिवाय चहाच्या कपाला हात लावत नव्हता. जुन्या छपरांवर शिशाचा दुसरा शत्रू असतो दगडफूल: त्याच्यातून झिरपणारं आम्लधर्मी पाणी एकाच जागी टपकत राहिलं की शिशावर खोल चर पडतो.

आणि तिसरा शत्रू माणूस. शिसं वितळतं ३२७ अंशांना, भंगारात विकलं जातं, पुन्हा पत्रा होतो. त्यामुळे खेड्यातल्या चर्चची छपरं रातोरात सोलली गेली. चोरी उघडी पडते ती पुढचा पाऊस वेदीवर पडतो तेव्हा. इंग्लंड आणि वेल्समध्ये २०१३ च्या भंगार व्यापार कायद्यानं धातूचं भंगार रोखीनं विकत घ्यायला बंदी आहे, विकणाऱ्याची ओळख तपासावी लागते. तरी काही चर्चांनी दुरुस्तीत शिशाऐवजी दुसरा धातू घेतला आहे. मला त्याचं वाईट वाटतं, पण चार वेळा लुटल्या गेलेल्या देवळाच्या विश्वस्तांना शिशाचे गुण काय सांगणार?

ताईचं धुराडं निम्मं तिचं, निम्मं शेजारणीचं. ओळीतल्या घरांत तसंच असतं: दोन्ही घरांच्या शेगड्यांचे धूरमार्ग मधल्या भिंतीतून एकत्र वर जातात. तिच्या बाजूचं शिसं नवं आणि पलीकडचं सिमेंट जुनंच, असं करून भागणार नव्हतं. शेजारणीनं आपल्या वाट्याचा खर्च उचलला, त्याआधी दोघींच्या स्वयंपाकघरांत बरीच बोलणी झाली. इंग्लंड आणि वेल्समध्ये १९९६ चा सामाईक भिंतींचा कायदा आहे, आणि त्यात या सांध्याचा थेट उल्लेख आहे. शेजाऱ्याच्या इमारतीला लागून भिंत बांधली तर तिच्या संरक्षणासाठी शेजाऱ्याच्या भिंतीत खाच पाडून पत्रा बसवायचा हक्क तो कायदा देतो. दोन महिने आधी लेखी नोटीस द्यावी लागते आणि झालेलं नुकसान भरून द्यावं लागतं. इंचभर खाचेला कायद्यात स्वतःचं कलम मिळावं, यावरून तिच्यापायी किती भांडणं झाली असतील ते कळतं.

शिसं नीट बसलं तरी एक पाणी उरतं, आणि बरेच कंत्राटदार तिथं हात टेकतात. वीट पाणी पिते. खाचेच्या वरची भिंत भिजली की ते पाणी भिंतीच्या पोटातून खाली उतरतं, शिशाच्या मागून, आणि छपराखाली पोचतं. छपराच्या वर जी भिंत बाहेरची, तीच छपराच्या खाली आतली असते. तिथं पाणी आलं की ते खोलीत आलं. पोकळ भिंतींच्या नव्या घरांत यासाठी भिंतीच्या आत पायऱ्यांनी तबकं बसवतात. ती आतलं पाणी अडवून बारीक छिद्रांतून शिशाच्या वर बाहेर सोडतात. जुन्या धुराड्यांत तसं काही नसतं. धुराडं उतरवून पुन्हा बांधलं तरच मधे शिशाचं तबक घालता येतं. ताईच्या छपरेवाल्यानं तेवढं सुचवलं नाही. दरजा सिमेंटऐवजी चुन्यानं भरल्या, म्हणजे भिंत वाळायला मोकळी राहील, आणि धुराड्याच्या तोंडावर हवा खेळेल पण पाऊस पडणार नाही अशी टोपी बसवली.

एवढं होऊनही डाग गेला नाही. उलट कोरड्या आठवड्यात तो फिकट व्हायचा आणि धुक्याच्या दिवशी, पाऊस नसताना, गडद. ताई हवालदिल झाली. कारण भिंतीत होतं. त्या शेगडीत पिढ्यान्‌पिढ्या कोळसा जळला होता, त्याच्या धुरातले क्षार विटांत मुरले होते, गळणाऱ्या पाण्यानं ते गिलाव्यापर्यंत आणून सोडले होते. हे क्षार हवेतली ओल शोषतात. गळती थांबली तरी त्यांची तहान थांबत नाही. तेवढ्या भागाचा गिलावा खरवडून काढावा लागला, भिंत कितीतरी आठवडे उघडी ठेवावी लागली, मग नवा गिलावा. एखादं छप्पर दुरुस्त झाल्यावर लगेच आतला डाग पाहून कारागिराला खोटं ठरवायची घाई करू नये, हे मला त्यातून पटलं.

स्कॉटलंडमध्ये हाच प्रश्न वेगळ्या वळणानं सोडवलेला आहे. तिथली जुनी स्लेट जाड, आखूड, वेड्यावाकड्या मापांची, मोठ्या प्रमाणावर बॅलाहुलिशच्या खाणीतली. ती खाण १९५५ मध्ये बंद झाली. छप्पर रिपांवर नसून सलग फळ्यांवर ठोकलेलं असतं. भिंतीलगत कित्येकदा स्लेटीखाली लपलेली शिशाची अरुंद पन्हळ ठेवतात. वरून ती दिसत नाही, छप्पर देखणं दिसतं. पण पानं-मातीनं ती भरली की तुंबतं आणि कुणाला पत्ता लागत नाही. मी इथं वेल्सच्या पायऱ्यांच्या बाजूनं आहे: बिघडलेलं डोळ्याला दिसावं.

आपल्या कोकणातल्या कौलारू घरांत हा सांधा शक्यतो टाळलेला होता. धुराडी नव्हती. पाखं चारी भिंतींवरून पुढे जाऊन पागोळ्या अंगणात टाकायचं, भिंत छपरातून वर काढायचीच नाही. बासेल मिशननं १८६५ मध्ये मंगळूरला कौलांचा कारखाना सुरू केला आणि नळ्यांच्या जागी सपाट मंगलोरी कौल पसरलं, तरी ही रचना टिकली. माडीचं घर असेल तर पडवीचं छप्पर माडीच्या वळचणीखाली सरकवायचं, म्हणजे भिंतीला पाऊस लागायलाच नको. सांधा आला तो स्लॅब आल्यावर. स्लॅबच्या घराला वळचण नाही, पुढे मात्र पत्र्याची पडवी हवी; गच्चीवर जिन्याच्या खोलीला टेकून पत्र्याचं छप्पर हवं. पत्रा भिंतीला टेकतो तिथं गवंडी सिमेंटचा वाटा मारतो. पत्रा दुपारी तापून वाढतो, रात्री आखडतो. दुसऱ्या पावसाळ्यात फट. मग केमिकल, मग सिलिकॉन, मग त्यावर पुन्हा केमिकल. दर मे महिन्यात तोच खर्च.

इथं शिशाची गरज नाही. पत्रे वाकवणारा तालुक्याच्या गावात असतोच. एक पत्रा छपरावरून भिंतीवर वीतभर उभा वळवलेला, दुसरा भिंतीतल्या खाचेतून त्यावर सोडलेला, दोघं एकमेकांना न जोडलेले. एकच काळजी: खाच गिलाव्यात पाडून उपयोग नाही, गिलाव्यामागून पाणी येतंच. ती चिऱ्यांच्या दरजेत हवी, आणि जांभा भरपूर पाणी पितो म्हणून खाचेच्या वरची भिंत बाहेरून गिलाव्यानं आणि रंगानं नीट राखलेली हवी.

राजापूरकडच्या आमच्या घराच्या पडवीसाठी मी पत्र्याचं काम करणाऱ्याला हे कागदावर काढून दाखवलं. त्याला ते नवीन नव्हतं. म्हणाला, “ताई, हे मला करता येतं. पण गवंडी भिंत करून जातो, मग मी येतो. भिंत कापायचं काम त्याचं की माझं, पैसे कुणाला, हे कुणी ठरवत नाही. म्हणून मग सिमेंट.” ब्रिटनमध्येही गवंडी, स्लेट घालणारा आणि शिशाचा कारागीर यांच्यात हीच ओढाताण चालते, असं ताईचा छपरेवाला सांगत होता. मी गवंडी आणि पत्रेवाला दोघांनाही एकाच दिवशी बोलावलं. यंदाच्या अंदाजपत्रकात पत्रा, अँगल, स्क्रू यांच्या खाली एक वेगळी ओळ आली आहे: भिंतीच्या दरजेत इंचभर खाच, रनिंग फुटाच्या दरानं, गवंड्याकडे.